चक्कर कानातली, पण दिसते ती डोळ्यांत

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

आईला दिवाळीनंतर चक्कर सुरू झाली. अंधारी नव्हे, अशक्तपणाची भोवळही नव्हे. पलंगावर उजव्या कुशीला वळली की पंखा, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळी खोली गरगर फिरायची. अर्धा मिनिट. मग थांबायचं, पण मळमळ तासभर रेंगाळायची. हळूहळू तिनं उजवीकडे वळणंच सोडलं. दोन उशा, मान ताठ, उताणी झोप. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तेच, रांगोळी काढायला वाकली की तेच. पहाटे गंगेवर (नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) जायचा तिचा चाळीस वर्षांचा नेम मोडला.

साडेतीन महिने ‘मानेची चक्कर’ म्हणून गोळ्या चालल्या, गळ्याला पट्टा लागला. एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली होती. सत्तरीतल्या बाईच्या मणक्यांत झीज दिसणारच. गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत असायची आणि रात्री कूस बदलली की खोली फिरायचीच. एवढ्या काळात एकानंही तिला आडवं करून तिचे डोळे पाहिले नाहीत. माझा राग या एका गोष्टीवर आहे.

शेवटी कानाच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फार विचारलं नाही. ‘किती वेळ फिरतं? कोणत्या कुशीला?’ एवढंच. मग तिला तपासणीच्या पलंगावर बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं कडेबाहेर जरासं लोंबतं. ‘आजी, काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत.’ मी उशाशी उभी होते. तीन-चार सेकंद काहीच नाही. आणि मग आईचे दोन्ही डोळे आपोआप फिरायला लागले. बुबुळं घड्याळाच्या काट्यासारखी स्वतःभोवती वळत होती आणि वळता वळता कपाळाकडे हिसके देत होती. हळू सरकणं, झटका. हळू सरकणं, झटका. वीसेक सेकंदांत सगळं शांत. ‘सापडलं,’ डॉक्टर म्हणाले. ‘उजवा कान, मागची नळी.’

तिथूनच मान डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबत, आणि शेवटी उठवून बसवलं. पाच मिनिटं लागली असतील. त्या रात्री तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या रात्री आई उजव्या कुशीवर झोपली.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचते आहे. ऐकण्याच्या शंखाला लागूनच, कानाच्या अगदी आत, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात. त्यांत पाण्यासारखा द्रव. हे समजायला घरातला तांब्या पुरतो. पाणी भरा, वर तुळशीचं पान सोडा, तांब्या जागच्या जागी एकदम फिरवा. तांब्या फिरतो, पान होतं तिथेच राहतं. तसंच डोकं वळलं की नळी वळते, आतला द्रव मागे राहतो आणि नळीतला जेलीसारखा पडदा वाकतो. डोकं कुठे आणि किती वेगानं वळलं ते मेंदूला यातून कळतं. शेजारी दोन पिशव्या आहेत. त्यांत चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं किती कललं, गाडीनं किती वेग घेतला, हे त्या कणांच्या वजनामुळे कळतं. आईच्या कानात त्यांतले काही कण सुटून मागच्या नळीत घरंगळले होते. कूस बदलली की ते खाली सरकताना द्रवाला ओढायचे आणि मेंदूला खोटी बातमी जायची, की डोकं फिरतंय.

पण मग डोळे का फिरले? धागा काढला तो या प्रश्नासाठी. हातात एक छापील कागद घ्या. डोकं स्थिर ठेवून कागद डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं फिसकटतात. आता कागद स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगानं डोकं ‘नाही नाही’ असं हलवा. वाचता येतं! डोकं जितकं उजवीकडे जातं तितकेच डोळे डावीकडे जातात, आपल्याला न विचारता. कानातल्या नळीपासून डोळ्याच्या स्नायूपर्यंत निरोप पोचवायला मुख्यतः तीनच चेतापेशींची साखळी आहे. लोरेंते दे नो या शास्त्रज्ञानं ती १९३३ साली मांडली. निरोपाला सात ते दहा मिलिसेकंद लागतात. नुसत्या नजरेनं पाहून, समजून, मग पाठलाग करायचा तर शंभरेक मिलिसेकंद जातात. कागद हलवताना आपण नजरेच्या भरवशावर असतो, डोकं हलवताना कानाच्या.

म्हणजे डोळ्यांची दोरी कानाला बांधलेली आहे. कान उघडून आत बघता येत नाही, डोळे मात्र समोर असतात. तुमच्याकडे कुणाला अशी चक्कर येत असेल तर एवढं विचारा, की डोळे कुणी पाहिले का? आणि या विषयातलं ज्यांना जे ठाऊक आहे ते इथे लिहा.


कसारा_लोकल | सोमवार, रात्री १०:०५

कागदाचा प्रयोग आत्ता घरातल्या सगळ्यांनी केला. लेक तीनदा करून बसली. इतकी वर्षं हे डोळे आपल्यासाठी करत होते आणि पत्ता नव्हता.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या हिला कसारा घाटात गाडी लागते आणि वणीच्या घाटात तर हमखास. तोंडात आवळा सुपारी, हातात लिंबू, तरी दुसऱ्या वळणाला खिडकी. मी गाडी चालवतो, मला काही होत नाही. हेही कानाचंच का?


डॉ_कानोसा | मंगळवार, सकाळी ७:१५

गोदाकाठची ताई, तुम्ही उशाशी उभं राहून जे पाहिलंत ते नेमकं लिहिलं आहे. सुरुवातीचे शांत तीन-चार सेकंद, मग बुबुळाचं गोल फिरणं, मग थांबणं, हा क्रम फार बोलका असतो. आडवं करून डोळे पाहण्याची ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णन केली. कण नळीतून बाहेर घरंगळवण्याची युक्ती अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांची. ती त्यांनी १९९२ साली सविस्तर छापली, पण त्याआधी दहा-बारा वर्षं ते ती करून दाखवत होते आणि सहकाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. डोकं चार वेळा वळवून चक्कर जाते हे कुणाला खरं वाटेल?

डोळ्यांच्या या हिसक्यांना आम्ही निस्टॅग्मस म्हणतो. हळू सरकणं हे कानाचं काम, उलटा झटका हे मेंदूनं डोळे परत जागेवर आणणं. दिशा मात्र झटक्यावरून सांगतात.

या विषयाला नोबेलही मिळालं आहे. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. रोग्यांचे कान पाण्यानं धुताना काहींना चक्कर यायची. एकदा एका रोग्यानं तक्रार केली की पाणी गार आहे म्हणून गरगरतं. बारानींनी पाणी गरम केलं, तर ते जास्तच तापलं, पुन्हा चक्कर आली, आणि डोळ्यांचे झटके या वेळी उलट दिशेला! दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. बारानींनी विचार केला की बंबात तापलेलं पाणी वर चढतं आणि गार खाली बसतं, तसाच कानाच्या नळीतला द्रव सरकत असणार. त्यातून एकेका कानाची वेगळी तपासणी निघाली. १९१४ सालचं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होते. १९१६ साली सुटले.

एक महत्त्वाचं, कृपया सगळ्यांनी वाचा. वर लिहिलंय ती चक्कर कूस बदलल्यावर येते आणि मिनिटभरात थांबते. चक्कर न थांबता तासन् तास चालली, उलट्या होत राहिल्या, तर प्रश्न वेगळा. तो कानाच्या नसेचा दाह असेल किंवा मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघाताचा झटका. इथेही डोळेच सांगतात. सिडनीच्या हालमागी आणि कर्थॉयस यांनी १९८८ साली एक साधी तपासणी दिली. रोग्यानं डॉक्टरांच्या नाकाकडे बघायचं, डॉक्टरांनी त्याचं डोकं अचानक थोडंसं वळवायचं. कान चांगला असेल तर नजर नाकावरच राहते. कान निकामी असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून परत येतात. आता उलटं वाटेल असं ऐका. चक्कर सतत चालू आहे आणि ही तपासणी मात्र अगदी चांगली आली, तर घाबरायचं. कान ठीक आहे, म्हणजे बिघाड मेंदूत असू शकतो. २००९ साली १०१ रोग्यांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात ही तपासणी, झटक्यांची दिशा आणि दोन डोळ्यांची पातळी, या तीन गोष्टींनी मेंदूतला झटका ओळखला गेला, आणि तोही काही जणांत पहिला एमआरआय स्वच्छ आलेला असताना. हे करायला सरावलेला हात लागतो, घरी करायचं नाही.

चकरेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे वाटले, आधार देऊनही उभं राहता येईना, तर धागे वाचत बसू नका. १०८ लावा.


तपोवन७२ | मंगळवार, सकाळी ११:३०

ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, माझी सगळी नोकरी गेली, उपकरणांच्या विभागात. मिगच्या दिवसांपासून सुखोईपर्यंत. ताईंचं लिखाण वाचताना मला आमचं टेबलच दिसलं. विमानात फिरणं मोजायला जायरो आणि वेगातला बदल मोजायला अ‍ॅक्सिलरोमीटर. कानात तीन नळ्या आणि दोन पिशव्या. तीन दिशांना तीन, काटकोनात. माणसानं हे काही दशकांपूर्वी बनवलं, माशाच्या डोक्यात ते कोट्यवधी वर्षांपासून आहे.

पण कानाच्या जायरोत एक उणीव आहे आणि ती वैमानिकांचे जीव घेते. तांब्या फिरवत राहिलात तर थोड्या वेळानं पाणीही तांब्याबरोबर फिरायला लागतं. मग पानाला फिरणं कळत नाही. कानाचंही तसंच. एकाच वेगानं वळत राहिलं की पंधरा-वीस सेकंदांत वळल्याची जाणीव विरते. ढगात शिरलेला वैमानिक एका बाजूला कललेल्या विमानात असतो आणि त्याचं अंग त्याला सांगतं की सगळं सरळ आहे. तो विमान सरळ करतो, तर अंग सांगतं, उलट्या बाजूला वळलास. म्हणून तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. त्यासाठीच विमान किती कललंय ते दाखवणारी कृत्रिम क्षितिजाची तबकडी समोर असते. ती उघडून जुळवताना आमचे वरिष्ठ सांगायचे, ढगात त्या पोराला स्वतःच्या शरीरावर विश्वास ठेवता येणार नाही, तुमच्या तबकडीवर ठेवावा लागेल. मी ते नोकरीभर विसरलो नाही.

वैमानिकांना शिकवायला फिरती खुर्ची वापरतात. तिला बारानींचंच नाव आहे. डोळे बांधून फिरवतात, थांबवतात, विचारतात कुठे फिरतोयस? खुर्ची थांबलेली असते आणि तो सांगतो, उलटा फिरतोय.


डॉ_कानोसा | मंगळवार, दुपारी १:१०

काका, तबकडीचं वाचून अंगावर काटा आला. थांबल्यावर उलटं फिरल्यासारखं वाटतं ते पडदा उलट्या बाजूला वाकतो म्हणून.

कसारा_लोकल, गाडी लागणं म्हणजे कान आणि डोळे यांच्या साक्षी न जुळणं. वहिनी मोबाइलमध्ये किंवा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत असतील, तर डोळे म्हणतात ‘मी बसलेय’ आणि कान म्हणतो ‘मी डोलतेय’. तुम्ही स्टिअरिंग धरता, वळण येण्याआधीच मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तुम्हाला त्रास नाही. त्यांना पुढे बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर. कानातला हा भाग दोन्हीकडे पूर्ण निकामी असलेल्यांना गाडी लागत नाही, म्हणजे कानाचा हात त्यात नक्की आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली ५१९ मूकबधिर माणसांना (ऐकण्याबरोबर अनेकांचा हा भागही गेलेला असतो) गोल फिरवून पाहिलं होतं, त्यांतल्या १८६ जणांना अजिबात चक्कर आली नाही.


घुंगरू | मंगळवार, दुपारी ३:४५

आमच्या कथकात चक्कर हा अभिमानाचा शब्द आहे. एका दमात सत्तावीस चक्कर घेऊन समेवर येताना पाय डगमगला नाही पाहिजे. मुलींना पहिल्या दिवसापासून सांगते, नजर समोरच्या एका खुणेवर, अंग आधी वळेल, डोकं शेवटी आणि झटकन. गंगापूर रोडच्या आमच्या वर्गात समोरच्या भिंतीवर कुंकवाचा एक टिळाच लावला आहे. हे गुरूंकडून आलं, कारण कधी विचारलं नव्हतं. काकांचा तांब्या वाचून कळलं. डोकं सलग फिरू न देता तुकड्या-तुकड्यानं फिरवायचं, म्हणजे पाण्याला फिरायची सवयच लागत नाही.

एक विचारते. सात-आठ वर्षं शिकलेल्या मुलींना टिळा नसला तरी फारसं गरगरत नाही. मग त्यांचा कान बदलतो का?


तोल_सांभाळा | मंगळवार, सायंकाळी ६:२०

घुंगरू ताई, मी फिजिओ आहे, चकरेच्या रुग्णांबरोबरच काम करते. कान बदलत नाही, मेंदू बदलतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २०१३ साली २९ बॅले नर्तकी आणि २० वल्हवणाऱ्या मुली, असा अभ्यास झाला. नर्तकींना खुर्चीत फिरवल्यावर फिरल्याची जाणीव लवकर ओसरायची आणि लहान मेंदूतला कानाचे निरोप घेणारा एक भाग त्यांच्यात लहान दिसला. सराव वाढला तशी त्या निरोपाची दखल कमी झाली, असा अर्थ लावला गेला.

कान आणि डोळे यांची जुळणी लहान मेंदू आयुष्यभर करत असतो. नवा चष्मा लागल्यावर दोन-चार दिवस जमीन वरखाली वाटते ना? भिंगामुळे सगळं लहान किंवा मोठं दिसतं, म्हणजे डोकं वळल्यावर डोळ्यांनी किती वळायचं ते मापच बदलतं. पूर्वी मोतीबिंदूनंतर आज्यांना जाड भिंगाचा चष्मा मिळायचा, त्यातून जग पाव हिश्शानं मोठं दिसायचं. पायरी चुकायची ती म्हणूनही. गॉन्शर आणि मेलव्हिल जोन्स यांनी १९७६ साली माणसांना डावं-उजवं उलटं दाखवणारा चष्मा आठवडेच्या आठवडे घातला, तर डोळ्यांची ही अंगभूत हालचाल हळूहळू उलटी व्हायला लागली! ज्याला आपण प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो, गुडघ्यावर हातोडी मारल्यासारखी ठरीव, तीसुद्धा शिकते. जपानचे मासाओ इतो यांनी हे शिकणं लहान मेंदूच्या एका छोट्या पाळीत होतं असं मांडलं होतं. माझा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणूनच चकरेच्या गुंगीच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊ नयेत असं मी प्रत्येकाला सांगते. पहिले दोन-तीन दिवस उलट्या थांबवायला ठीक. पुढे त्या मेंदूचं शिकणंच मंद करतात. बंद मात्र डॉक्टरांना विचारून करा.


पदार्थविज्ञान_एफवाय | मंगळवार, रात्री ९:००

डॉक्टर, बारानींच्या बंबाबद्दल एक शंका. गरम द्रव वर चढतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. मग अंतराळात ही तपासणी चालायलाच नको ना?


डॉ_कानोसा | मंगळवार, रात्री ९:३५

शाब्बास! हीच शंका घेऊन १९८३ साली स्पेसलॅब या अंतराळातल्या प्रयोगशाळेत अंतराळवीरांच्या कानात गरम-गार हवा सोडली गेली. डोळ्यांचे झटके आलेच. म्हणजे बारानींचं म्हणणं अपुरं होतं. तापमानाचा थेट परिणाम, द्रवाचं फुगणं, अशी आणखीही कारणं असावीत असं आता मानतात. जमिनीवर मात्र मोठा वाटा त्या वर चढण्याचाच. नोबेल मिळाल्यावर सत्तर वर्षांनीही एफवायच्या मुलाला पडावा असा प्रश्न शिल्लक होता, हे मला फार भावतं.


जुन्या_नाशकातला | मंगळवार, रात्री १०:१०

लहानपणी गांधी तलावात उडी मारली की आमच्यातला एक जण पाण्यातच भेलकांडायचा, वर-खाली कळायचं नाही त्याला. एकदा जेमतेम बाहेर काढला. त्याचा एक कान फुटका होता, वाहायचा. आज उमगलं, गार पाणी एकाच कानात आतवर जात होतं. ज्यांच्या कानाच्या पडद्याला भोक आहे त्या पोरांना कुणी तरी पाण्याआधी हे सांगायला हवं.


द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ११:५०

मी दिंडोरीकडचा. इथे कधी लिहीत नाही, वाचतो. आज लिहितो.

आमच्या आबांना १९९४ साली टीबी झाला, दुसऱ्यांदा उलटला तेव्हा दोन महिने इंजेक्शनं घेतली. टीबी गेला. पण त्यानंतर ते चालताना झोकांड्या खातात. खोली फिरते असं कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, बागेतून चालताना वेली उड्या मारतात. उभा राहिलो की वेली उभ्या राहतात. कोणाला कळलंच नाही याचा अर्थ काय. डोळे तपासले, नंबर नाही. गावात लोक म्हणाले, प्यायला लागला. आबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, माळकरी माणूस.

उजेडात चालतात. अंधारात पाय टाकता येत नाही. शेतीची लाईट रात्रीची येते, मोटर चालू करायला रात्री एक-दोनला विहिरीवर जावं लागायचं. दोनदा बांधावरून पडले. एकदा मनगट मोडलं. मी तेव्हा शाळेत होतो, मी पण मनात धरायचो की लोक म्हणतात ते खरं असेल काय.

आज कागदाचा प्रयोग आबांना करायला लावला. डोकं स्थिर, कागद स्थिर, पेपर खडाखड वाचला. डोकं हलवलं तर म्हणाले, काही दिसत नाही रे, सगळं वाहतंय. तीस वर्षांनी कळलं मला. डॉक्टर साहेब, हे तेच आहे ना?


डॉ_कानोसा | बुधवार, पहाटे ५:५०

दादा, न तपासता ठाम सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय ते तसंच वाटतं. आधी एक, त्या इंजेक्शनांनी आबांचा जीव वाचला असणार. ती स्ट्रेप्टोमायसिनची असतील, तर त्या औषधानं, तसंच जेंटामायसिननंही, काही माणसांच्या कानातल्या तोलाच्या केसपेशी, म्हणजे पडद्याचं वाकणं टिपणाऱ्या केसाळ टोकांच्या पेशी, मरतात. दोन्हीकडच्या एकदम मेल्या तर गरगरत नाही, कारण मेंदू दोन कानांतला फरक पाहतो आणि इथे फरकच उरत नाही. म्हणून कुणाला चक्कर सुचत नाही. उरतं ते एवढंच, की डोकं हललं की डोळे त्याच्याबरोबर वाहतात आणि जग उड्या मारतं. उजेडात नजर आणि पायांचे तळवे तोल सांभाळतात, अंधारात नजर गेली की एक खांब गेला.

अमेरिकेतल्या एका डॉक्टरला याच औषधानं हे झालं होतं. १९५२ साली त्यानं स्वतःचा अनुभव छापला. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्यानंसुद्धा अक्षरं हलायची, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं अडकवून वाचायचा. स्वतः डॉक्टर असूनही त्याला शब्द शोधावे लागले. आबांनी ‘वेली उड्या मारतात’ म्हटलं, याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. त्या वेळी ऐकणाऱ्यांना कळलं नाही, यात आबांचा काही दोष नाही आणि शाळेतल्या तुमचाही नाही.

कॅमेऱ्याच्या चष्म्यानं डोकं वळवून करायची तपासणी आता नाशकात कानाच्या डॉक्टरांकडे विचारून मिळू शकेल. ती करून घ्या. आणि यापुढे कोणत्याही दवाखान्यात कसलंही इंजेक्शन घेताना आधी हे सांगायचं, कागदावर लिहून खिशात ठेवायचं.


तोल_सांभाळा | बुधवार, सकाळी ८:३०

पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकात कळलं. माणसात तसं अजून जमलेलं नाही, म्हणून खोटी आशा दाखवत नाही. पण आबांना करण्यासारखं आहे. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक ठळक अक्षर चिकटवा. खुर्चीत बसून त्या अक्षरावर नजर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, अक्षर वाहायला लागेल त्याच्या आतल्या वेगानं. एक मिनिट, दिवसातून तीन-चारदा. मग वर-खाली. कान जे करत नाही ते करायला मान आणि नजर शिकतात, थोडंसं शिकतात, पण चालण्यात फरक पडतो. सुरुवात तपासणीनंतर आणि कुणीतरी शेजारी असताना. आणि रात्री एकट्यानं विहिरीवर अजिबात नाही.


गोदाकाठची | बुधवार, रात्री ९:१५

दादा, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. तिला साडेतीन महिन्यांत घर नकोसं झालं होतं. ती म्हणाली, तीस वर्षं म्हणजे काय असेल गं. आणि मग म्हणाली, त्या माणसाला पिणारा म्हणाले हे फार वाईट.

आई आज गंगेवर जाऊन आली. पायऱ्या उतरताना मीच तिचा हात घट्ट धरला होता, तिला गरज नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंय, कण पुन्हा सुटू शकतात. सुटले तर आता ठाऊक आहे कुठे जायचं. काही जणांनी विचारलं की हे वळवणं घरी व्हिडिओ बघून करू का? माझं मत, पहिल्यांदा नको. कोणता कान, कोणती नळी, हे डोळे बघूनच कळतं, आणि मान किंवा मणक्याचं दुखणं असेल तर आधी विचारायलाच हवं.


द्राक्षवेल | पुढचा मंगळवार, रात्री १०:४०

शुक्रवारी आबांना नाशकात नेलं. कॅमेऱ्याच्या चष्म्यानं तपासलं. डॉक्टरांनी पडद्यावर रेघा दाखवल्या, डोकं वळल्याची एक आणि डोळे वळल्याची एक. डोळ्याची रेघ दोन्ही बाजूंना जवळजवळ आडवीच. आबा बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. म्हणाले, याची एक कॉपी मिळंल का? डॉक्टरांनी छापून दिली.

ती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळेच्या पिशवीशेजारी ठेवलीय. काल पारावर घेऊन गेले होते.

ओसरीच्या भिंतीवर मोठं ‘अ’ लावलंय. सकाळी चहाआधी बसतात. पोरगा मोजतो. आणि मोटरचं मी बघतो आता, घरापासून विहिरीपर्यंत चार खांबांवर दिवे लावून घेतले.